तेरा वाजले, त्यात काय? अकरावीच्या वर्गात ‘नाइन्टीन एटी-फोर’

प्रकरण सांगली शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातलं आहे. अकरावी कला शाखेची तुकडी, पट सत्तरच्या आसपास. बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमाची, थोडी सेमी-इंग्रजीची. बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’त कादंबरी हा स्वतंत्र विभाग आहे. त्यात ‘टू सर, विथ लव्ह’, ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि ‘द साइन ऑफ फोर’ यांतले उतारे आहेत, आणि त्यांवर पात्र, स्थळकाळ, कथानक असे प्रश्न येतात. ही तयारी आदल्या वर्षीच व्हावी म्हणून इंग्रजीच्या मॅडमनी ऑगस्टमध्ये सहा तास बाजूला काढले आणि जॉर्ज ऑर्वेलची १९४९ सालची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी घेतली.

निवड धाडसाची होती, पण तिच्यामागे हिशोब होता. ‘स्थळकाळ’ या प्रश्नाचं उत्तर मुलं दोन ओळींत उरकतात: कथा लंडनमध्ये घडते, काळ अमुक. सत्ताधीशांनी माणसांचं जगणं मुठीत धरलेल्या अशा काल्पनिक राज्याच्या कादंबरीत तेवढ्यावर भागत नाही. तिथे नायकाची गाठ आधी जागेशी पडते, माणसांशी नंतर. जिना, भिंत, साबण, सिगारेट, सगळंच त्याच्या अंगावर येतं. स्थळ आणि पात्र एकमेकांना कसं घडवतात हे दाखवायला याहून सोयीचा साहित्यप्रकार नाही.

झेरॉक्सचा प्रश्न सोपा होता. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये वारले, म्हणजे २०११ पासून मूळ इंग्रजी पुस्तक आपल्याकडे सर्वांना खुलं आहे. मात्र अख्खं पुस्तक अकरावीला झेपणारं नव्हतं. दुसऱ्या भागातले प्रेमप्रसंग आणि तिसऱ्या भागातला छळ वगळूनही काम होतं, म्हणून चार उतारे ठरले: पहिल्या भागातल्या पहिल्या प्रकरणातला तुकडा (जिना आणि खोली), त्याच भागातल्या चौथ्यातला (कचेरी), दुसऱ्या भागातल्या पाचव्या प्रकरणाचा तुकडा (जुन्या वस्तूंच्या दुकानावरची भाड्याची खोली) आणि तिसऱ्या भागाची सुरुवात (कोठडी). प्रत्येक उतारा पाठपोट एका कागदावर बसवला आणि दर पाच ओळींना समासात क्रमांक टाकला. हे क्रमांक क्षुल्लक वाटतात, पण ते नसतील तर सत्तर मुलांत ‘कुठल्या ओळीत?’ यावरच निम्मा तास जातो.

पहिला तास कुठे फसला

कादंबरीचं पहिलंच वाक्य गाजलेलं आहे: एप्रिलचा लख्ख, थंडीचा दिवस आणि घड्याळं तेराचे ठोके देतायत. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, “यात काही विचित्र वाटतंय का?”

मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मॅडम, तेरा म्हणजे दुपारचा एक की. त्यात काय?”

बरोबरच होतं त्याचं. मिरज जंक्शनच्या फलकावर गाड्यांच्या वेळा चोवीस तासांच्याच असतात. ज्या वाक्याने इंग्रज वाचक दचकतो ते इथे वेळापत्रकातल्या ओळीसारखं सरळ वाचलं गेलं. मग दुसरी एक मुलगी म्हणाली, “एप्रिलमध्ये थंडी आहे, हे विचित्र आहे.” वर्गाने मान डोलावली. सांगलीत एप्रिलचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. मुलांच्या मते सरकारने हवामानसुद्धा बिघडवून ठेवलं होतं.

पुढेही हेच. लिफ्ट बंद, दिवसा वीज तोडलेली. “लाईट नाही तर लिफ्ट बंदच असणार की.” जिन्याखाली उकडलेल्या कोबीचा वास. कोबीची भाजी डब्यात आणणाऱ्या मुलांना तो घरगुती, चांगला वास वाटला. पुढच्या एका उल्लेखात नायकाने डायरीसाठी वही अडीच डॉलरला घेतली असं येतं. डॉलर म्हणजे परदेश, एवढ्यावर सगळे समाधानी. लंडनमध्ये पौंड चालतो, तिथे डॉलर कसा आला, हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. (याउलट, खोलीतल्या सरकारी पडद्यावरचा आवाज पिग आयर्नच्या, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाच्या, उत्पादनाचे आकडे वाचतो तिथे ‘डुक्कर-लोखंड’ म्हणून हशा पिकला आणि कुपवाडच्या फाउंड्रीत वडील कामाला असलेल्या मुलाने वर्गाला नीट समजावून सांगितलं. मॅडमना तो शब्द शिकवावाच लागला नाही.)

तासाच्या शेवटी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली. स्थळाबद्दल बहुतेकांनी विशेषणं रचली होती: भयाण, घाणेरडं, अंधारं, उदास. गंमत म्हणजे पहिल्याच ओळीत दिवस लख्ख आहे. नायक विन्स्टन स्मिथबद्दलची उत्तरं गाईडच्या साच्यातली: शूर, प्रामाणिक, सत्यवादी, आणि दोन-तीन वह्यांत ‘देशभक्त’सुद्धा.

मुलांना वाचता येत नव्हतं असं यावरून काढलं तर निदान चुकेल. त्यांनी नेमकं वाचलं, पण नेहमीचं काय आणि नवल काय याची रेघ त्यांनी सांगलीच्या मापाने मारली. मूळ वाचकाला १९४० च्या दशकातलं लंडन ठाऊक होतं: बाँबने पडलेली घरं, कूपनवर मिळणारं अन्न (ब्रिटनमधलं रेशनिंग पूर्ण उठायला १९५४ उजाडलं), उकडलेल्या कोबीने भरलेली स्वस्त खानावळ. ऑर्वेलने ते ओळखीचं शहर घेतलं आणि त्यात चार-दोन गोष्टी वाकड्या केल्या. सरळ कोणत्या हे माहीत नसेल तर वाकड्या दिसणार कशा?

तीन ढीग

दुसऱ्या तासाला नवा उतारा घेतला नाही. पहिल्याच पानातल्या वीसेक गोष्टी चिठ्ठ्यांवर लिहिल्या आणि सहा-सहाच्या गटांना त्या तीन ढिगांत लावायला सांगितलं: ‘लंडनचं नेहमीचं’, ‘या राजवटीचं’ आणि ‘सांगता येत नाही’. थंड एप्रिल पहिल्या ढिगात गेला. भिंतीवरचं सर्वोच्च नेत्याच्या मीटरभराहून रुंद चेहऱ्याचं पोस्टर, एकाच वेळी दाखवणारा आणि बघणारा पडदा, तीनशे मीटर उंचीचं सत्य मंत्रालय दुसऱ्यात.

खरी चर्चा तिसऱ्या ढिगावर झाली. तेराच्या ठोक्यांबद्दल मॅडमनी एवढंच विचारलं: आजोबांच्या घरी ठोके देणारं घड्याळ असेल तर ते जास्तीत जास्त किती ठोके देतं? बारा. म्हणजे तेरा ठोके द्यायचे तर गावातली घड्याळं बदलावी लागली. कोणी बदलली? चिठ्ठी दुसऱ्या ढिगात सरकली आणि तिच्या मागोमाग डॉलरचीही. विजेची चिठ्ठी सगळ्यांत वाद घालणारी. वीज जाणं नेहमीचं, पण उताऱ्यातलं कारण काय? द्वेष सप्ताहाच्या तयारीसाठी काटकसर. लोकांना द्वेष करायला लावणारा सप्ताह साजरा व्हावा म्हणून लोकांनी जिने चढायचे. एका गटाने चिठ्ठी फाडून अर्धी पहिल्या आणि अर्धी दुसऱ्या ढिगात ठेवली. ते उत्तर सर्वांत बरोबर होतं.

इथे एक सावधगिरी. शिक्षकाने लंडनची माहिती आधी सांगून टाकली तर ढीग दहा मिनिटांत लागतात आणि कोणी काही शिकत नाही. माहिती अडल्यावरच द्यावी, आणि एका वाक्यात. १९४८ च्या लंडनवर भाषण सुरू झालं की इंग्रजीचा तास इतिहासाचा होतो.

खोली खडूने आखली

तिसरा तास या प्रकरणातला सर्वांत फलदायी, म्हणून तपशिलाने.

उताऱ्यात खोलीची रचना नेमकी दिली आहे. पडदा साधारणपणे आखूड भिंतीवर असतो, तिथून सगळी खोली दिसते. विन्स्टनच्या खोलीत तो लांब भिंतीवर, खिडकीसमोर आहे. पडद्याच्या एका बाजूला भिंतीत उथळ कोनाडा आहे, बहुधा पुस्तकांच्या कपाटासाठी सोडलेला. त्यात अगदी मागे सरकून बसलं तर पडद्याला माणूस दिसत नाही. आवाज मात्र ऐकू जातोच.

सहा मुलांनी बाक सरकवून फरशीवर खडूने खोली आखली. बाकीच्यांच्या हातात उतारा आणि एकच काम: कागदावर नाही ते कोणी मांडलं की ओळ क्रमांक सांगून हरकत घ्यायची. सगळ्यांना एकदम बाक हलवू दिले की चाळीस मिनिटं बाक हलवण्यातच जातात. पडद्याच्या जागी मॅडमचा फोन, पुढचा कॅमेरा चालू करून, बाकावर टेकवून ठेवला. कोनाडा म्हणजे भिंतीला काटकोनात लावलेली दोन दप्तरांची रास.

पहिल्या प्रयत्नात मुलांनी कोनाडा पडद्याच्या समोर काढला. चित्रीकरण पाहिलं तर आत बसलेली मुलगी पूर्ण दिसत होती. हरकत आली आणि कोनाडा पडद्याच्याच भिंतीला, बाजूला नेला. आता ती दिसेना, पण पुढे झुकून लिहायला लागली की केस आणि कोपर दिसायचे. ‘मागे सरकून’ या दोन शब्दांचं वजन तेव्हा कळलं. मग कोणीतरी शिंकलं आणि फोनमध्ये ते स्वच्छ ऐकू आलं.

यानंतरचा प्रश्न स्थळाकडून पात्राकडे नेणारा होता: या खोलीत विन्स्टन काय करू शकतो आणि काय नाही? बोलू शकत नाही. लिहू शकतो. पण कामावर तो सगळं यंत्रात बोलून लिहितो, हाताने लिहायची त्याची सवय मोडली आहे. म्हणून डायरीचं पहिलं पान अडखळत सुरू होतं आणि मग भरकटतं. निवेदक तर स्पष्टच म्हणतो की डायरी लिहायची कल्पना त्याला काही अंशी खोलीच्या या विचित्र रचनेनेच सुचवली. म्हणजे शूर माणसाने बंड करायचं ठरवलं आणि मग जागा शोधली, असा हा क्रम नाही. भिंत चुकीच्या जागी होती म्हणून एका घाबरट माणसाला बंड सुचलं. वह्यांतला ‘शूर’ हा शब्द मुलांनी तिथे स्वतःहून खोडला. काहींनी खोडून ‘संधी साधणारा’ लिहिलं, ते मात्र जरा जास्तच झालं.

यानंतर वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात जागेतली वस्तू, ओळ क्रमांकासह आणि इंग्रजी शब्दांत. दुसऱ्यात ती विन्स्टनला काय करायला लावते किंवा करू देत नाही. तिसऱ्यात त्यावरून तो कसा माणूस दिसतो. दुसरा रकाना रिकामा असताना तिसरा भरायचा नाही, हा एकच नियम. विशेषणांची रास याच नियमाने आटोक्यात आली. चर्चा मराठीत, पुरावा इंग्रजीत, ही विभागणी शेवटपर्यंत ठेवली. चर्चाही इंग्रजीतच करा म्हटलं असतं तर वर्गातली पाच-सहा मुलंच बोलली असती.

एका मुलीच्या वहीतली नोंद अशी: विन्स्टनचं घर सात जिने वर, वय ३९, उजव्या घोट्याच्या वर शिरा फुगून झालेली जखम, म्हणून तो थांबत थांबत चढतो. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर तेच पोस्टर. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं होतं: जिथे दम घ्यायला थांबायचं तिथेच तो चेहरा असतो, त्यामुळे त्याला विश्रांतीसुद्धा कोणाच्या तरी देखत घ्यावी लागते. उताऱ्यात हे दोन तपशील वेगवेगळ्या वाक्यांत आहेत. ते जोडणं हेच स्थळ-पात्राचं वाचन.

आकडे, आणि एक भरकटलेला तास

चौथ्या तासाला कचेरीचा उतारा होता. विन्स्टनचं काम जुनी वर्तमानपत्रं ‘दुरुस्त’ करण्याचं. बुटांच्या उत्पादनाचा अंदाज होता १४ कोटी ५० लाख जोड. प्रत्यक्षात सांगितले गेले ६ कोटी २० लाख. विन्स्टन जुना अंदाजच ५ कोटी ७० लाख करून टाकतो, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त काम झालं. आणि अर्धी जनता बहुधा अनवाणी.

तास इथे भरकटला. कोणीतरी म्हणालं, “मॅडम, आपल्या वर्गात पण कॅमेरा आहे की.” मग वसतिगृह, रेक्टर, मोबाइल तपासणारे मोठे भाऊ, सगळं बाहेर आलं. चर्चा रंगली, कधी न बोलणारी मुलंही बोलली, आणि कादंबरी कुठल्या कुठे गेली. असा तास झाला की शिक्षकाला समाधान वाटतं, कारण वर्ग जिवंत असतो. पण तासाच्या शेवटी कोणाच्याही वहीत एक ओळ क्रमांक नव्हता. शिवाय ‘सगळीकडे असंच असतं’ असा निष्कर्ष निघाला, आणि तो तर वाचनाला मारकच, कारण मग या कादंबरीतली जागा वेगळी कशी हे शोधायचं कारणच उरत नाही.

पाचव्या तासाला मॅडमनी बंदी घातली नाही, अट घातली: आपल्याकडचं उदाहरण द्यायचं असेल तर साम्याबरोबर फरकही सांगायचा. स्वतः एक उदाहरण दिलं. ऑगस्टमध्ये सांगलीत सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे शेंबडं पोरही सांगतं. २०१९ चा महापूर या मुलांनी लहानपणी पाहिला आहे. समजा मोबाइलवर ३८ फूट असं आलं. खरं की खोटं, कसं ठरवाल? “पुलावर जाऊन बघायचं.” आणि काल किती होतं? “कालचा मेसेज आहे की.”

आता चॉकलेटचं रेशन. आधी जाहीर होतं की ते ३० ग्रॅमवरून २० वर येणार. आणि लगेच पुढे, २० ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल आभाराच्या मिरवणुका. कालचा मेसेज कुठे आहे? तो बदलणाऱ्या खात्यातच विन्स्टन नोकरीला. बघायला जावं असा पूलही नाही. कॅमेरा दोन्हीकडे असू शकतो. पडताळणीची जागा फक्त एकीकडे आहे. हा फरक निघाल्यावर वर्गातली चर्चा आपोआप उताऱ्याकडे वळली.

कचेरीच्या उताऱ्यात पात्राचा आणखी एक पैलू आहे, तो चुकवू नये. विन्स्टनला आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद या कामातच मिळतो, असं निवेदक सांगतो. अवघड खोटं सफाईने रचणं त्याला आवडतं. तो ओगिल्वी नावाचा अस्तित्वातच नसलेला वीर सैनिक बसल्याजागी निर्माण करतो. ‘सत्यवादी’ लिहिणारी मुलं इथे गप्प झाली. एकाने विचारलं, “मग हा हिरो कसा, मॅडम?” उत्तर देण्याची घाई नको. हा प्रश्न तासाच्या शेवटापर्यंत फळ्यावर तसाच राहू द्यावा.

घोट्याची जखम

सहाव्या तासात दोन उतारे एकत्र घ्यावे लागले आणि घाई झाली. तरी एका युक्तीने निभावलं. जखमेचा माग काढायचा. पहिल्या प्रकरणात ती जिन्यावर छळते, खाज सुटते. दुकानावरच्या खोलीत जायला लागल्यावर विन्स्टन थोडा जाड होतो, सकाळचा खोकला थांबतो, जखम बसते आणि कातडीवर फक्त तपकिरी डाग उरतो. तिसऱ्या भागात आरशासमोर उभं केल्यावर ती पुन्हा सुजलेली, कातडी सोलवटलेली. खोली बदलली की शरीर बदलतं. स्थळाचा पात्रावर परिणाम दाखवायला याहून नेमकं दुसरं साधन पुस्तकात नाही, आणि तीन छोट्या तुकड्यांवर काम भागतं.

पण एक खोच आहे. ज्या खोलीत जखम बरी झाली तिथेही पडदा होता, भिंतीवरच्या चर्चच्या चित्रामागे. आणि जाड चष्म्याचा, पांढऱ्या केसांचा, मखमली जाकिटातला साठीचा दुकानदार पुढे पस्तिशीचा विचार-पोलीस, म्हणजे लोकांच्या मनातल्या विचारांवरही पाळत ठेवणारा पोलीस, निघतो. हे सांगितल्यावर वर्ग चिडला. “मग तो बरा झाला ते खोटं होतं का?” नाही, शरीर खरंच बरं झालं. ज्या जागेवर विश्वास ठेवला तिने बरं केलं, जागा तशी नसली तरी. यावर वर्गाचं एकमत झालं नाही, आणि तासही संपला.

कोठडीचा उतारा जेमतेम वाचून झाला: खिडकी नाही, पांढऱ्या चकचकीत फरशा, चार भिंतींवर चार पडदे, कधी न विझणारा दिवा. मुलांनी पहिल्या खोलीशी तुलना एका ओळीत केली: इथे कोनाडा नाही. तेवढं पुरलं. तास कमी असतील तर कोठडीचा उतारा खुशाल वगळावा. ढीग आणि खडूची खोली मात्र वगळू नये.

उत्तर लिहिताना

परीक्षेच्या दृष्टीने या सगळ्याचं रूपांतर सुमारे ५० शब्दांत करावं लागतं. तिथे रकाने मांडता येत नाहीत. वर्गात बसलेली घडी अशी: पहिल्या वाक्यात ठिकाण आणि काळ, दुसऱ्या-तिसऱ्यात एकच वस्तू आणि ती पात्राला काय करायला लावते, शेवटच्यात पात्राबद्दल एक विधान. वस्तू दोन घेतल्या की शब्द पुरत नाहीत आणि मुलं पुन्हा विशेषणांवर येतात.

तपासताना एक कसोटी लावली: हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कादंबरीच्या नायकाला चिकटवता येईल का? येत असेल तर त्याला गुण नाहीत. पहिल्या तासाच्या वह्यांवर मुलांनीच ती लावली तेव्हा पानंच्या पानं लाल झाली. शेवटच्या उत्तरांतही सगळं सुधारलं नव्हतं. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांची निरीक्षणं मराठीत नेमकी होती आणि इंग्रजीत लिहिताना पुन्हा ‘ब्रेव्ह अँड ऑनेस्ट’ झाली. त्यांच्यासाठी पुढच्या तासांना फक्त क्रियापदांची यादी द्यायचं ठरलं: भाग पाडतो, अडवतो, लपवतो, सुचवतो, उघडं पाडतो, यांचे इंग्रजी प्रतिशब्द, प्रत्येकापुढे उताऱ्यातलं एक वाक्य. विशेषणांची यादी मागायला दोन मुलं स्टाफरूममध्ये आली होती. त्यांना ती दिली नाही.